वेगाचे खाते

इचलकरंजीच्या एका यंत्रमागधारकाच्या घरी दिवाळीला वहीपूजन झाले की नव्या वहीच्या पहिल्या पानांवर खाती मांडली जातात : सूत, कांडी, मजुरी, वीज, दुरुस्ती, घरखर्च, दानधर्म. तीस वर्षांत या खात्यांत फरक पडला नव्हता. त्या वर्षी मात्र अण्णांनी दानधर्माच्या खाली एक ओळ कोरी सोडली आणि पुढे लिहिले, ‘वेग’. दिवाणजींनी चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचले. घरात हौसेचा खर्च वहीत येत नसे, कारण तसा खर्च फारसा होतच नसे. ‘मोटारीच्या शर्यतीच्या ट्रॅकवर मुलाला न्यायचे आहे,’ असे अण्णांनी सांगितले तेव्हा दिवाणजी काही बोलले नाहीत; पण मालकाच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असे त्यांनी संध्याकाळी बायकोला सांगितल्याचे पुढे कळले.

या नोंदीचे मूळ जुलैतील एका रात्रीत होते. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकणारा मुलगा बेळगावहून एकटाच परतत होता. पाऊस धरलेला. निपाणीच्या अलीकडे, तवंदी घाटाच्या उतारावर, जेथे हे कुटुंब एरवी स्तवनिधीच्या दर्शनासाठी थांबते त्याच परिसरात, एका वळणावर गाडी स्वतःभोवती फिरली आणि मागच्या अंगाने दुभाजकावर आदळली. पाठीमागून येणारी ट्रक काही हातांवर थांबली. मुलाला खरचटलेही नाही. घरी आल्यावर त्याने सांगितले, “कुत्रं आडवं आलं. त्याला वाचवायला गेलो.” आज्जींनी त्याच्या तोंडावरून हात फिरवला. मुक्या जिवाला वाचवताना आपलाही जीव वाचला, हे त्यांना फार मोठे वाटले. दुसऱ्या दिवसापासून गल्लीतल्या कुत्र्यांसाठी रोज एक भाकरी जास्त थापली जाऊ लागली.

अण्णांनी मात्र गाडीची किल्ली कपाटात ठेवून दिली. ते यंत्रांत वाढलेले गृहस्थ. मागाच्या आवाजावरून कोणत्या मागाचा धोटा अडणार हे त्यांना अंगणात बसून कळे. कुत्र्याला चुकवणारी गाडी कशी वळते आणि ही कशी वळली होती, याचा हिशेब त्यांच्या मनात जुळत नव्हता. तरी त्यांनी विचारले नाही. विचारले असते तर मुलाला तेच पुन्हा सांगावे लागले असते, आणि दुसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट अधिक घट्ट होते.

किल्ली कायमची कपाटात राहणार नव्हती, हेही त्यांना ठाऊक होते. आज ना उद्या कापडाचे नमुने घेऊन मुलालाच फिरावे लागणार. त्याने गाडी शिकली ती गावातल्या मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये : गिअर टाकणे, चढावर गाडी न मागे घसरवता उचलणे, अरुंद जागेत उलटी घेणे. लायसन्स मिळाले. गाडी घसरली तर काय करायचे, हे त्याला कोणी शिकवले नव्हते, अण्णांनाही नव्हते. आपल्याकडे पोहायला शिकवताना मुलाला निदान विहिरीत तरी उतरवतात. मोटारीच्या बाबतीत पहिली बुडी महामार्गावरच घ्यायची, अशी रीत पडून गेली आहे.

उत्तर मिळाले ते अनपेक्षित ठिकाणी. सुताच्या खरेदीसाठी अण्णांना वर्षातून एकदा-दोनदा कोईमतूरला जावे लागे. इचलकरंजीला महाराष्ट्राचे मँचेस्टर म्हणतात आणि कोईमतूरला दक्षिणेचे. दोन्ही गावे एकाच धाग्याने बांधलेली. तेथील सुताच्या व्यापाऱ्याशी बोलता बोलता घाटातली हकिगत निघाली, तेव्हा तो म्हणाला की वेगाची खुमखुमी आमच्या गावाला नवी नाही. कोईमतूरच्याच गिरणी घराण्यातील एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस मारुती ८०० चे इंजिन वापरून एका बैठकीची शर्यतीची गाडी बनवली होती. परदेशी गाडी आणण्याची ऐपत नसलेल्यांनाही शर्यतीत उतरता यावे, हा त्या ‘फॉर्म्युला मारुती’चा मोठा लाभ. १९९५ मध्ये विमान अपघातात करिवर्धन गेले. शहराबाहेर चेट्टिपालयम येथे पुढे उभा राहिलेला ‘कारी मोटर स्पीडवे’ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हेही याच गावचे.

अण्णांना या इतिहासापेक्षा व्यापाऱ्याचे पुढचे वाक्य महत्त्वाचे वाटले. शर्यती नसतात तेव्हा काही दिवस हा ट्रॅक सामान्य माणसांसाठी खुला होतो, प्रत्येकाने आपली रोजची गाडी आणायची, ठरावीक शुल्क भरायचे, शिकवणारा शेजारी बसतो. शर्यत नसते, क्रमांक नसतो, बक्षीस नसते. त्याला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. मात्र व्यापाऱ्याने एक पुस्तीही जोडली : “एकदम इथं आणू नका. आधी कार्ट चालवू दे. स्वस्तात अक्कल येईल.”

कोल्हापूरच्या परिसरात मोहिते रेसिंग अकॅडमीचा कार्टिंगचा ट्रॅक आहे. राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्याही तेथे झालेल्या आहेत. दिवाळीनंतरच्या एका रविवारी बापलेक तेथे गेले. आईने दशम्या आणि चटणी बांधून दिली होती, आणि दिवस मावळायच्या आत जेवायला घरी यायचे होते, म्हणून दुपारच्या उन्हातच. कार्ट पाहून मुलाचा चेहरा उतरला. लोखंडी नळ्यांचा सांगाडा, चार बुटकी चाके, पाठीमागे शेतातल्या पंपाच्या कुळातले इंजिन. गिअर नाही, क्लच नाही, धक्के सोसायला स्प्रिंगही नाही. उजव्या पायाखाली ॲक्सिलरेटर, डाव्या पायाखाली ब्रेक, आणि तो ब्रेकही फक्त मागच्या आसाला. दर दहा मिनिटांचा आणि तो शेकड्यांत. सिनेमाला चौघे गेले तर होतो तेवढाच.

पहिल्या दहा मिनिटांत मुलगा तीन वेळा गरकन फिरून उलट्या तोंडाने उभा राहिला. जमिनीपासून वितभर उंचीवर बसलेल्या माणसाला चाळीसचा वेगही ऐंशीचा वाटतो, आणि चूक केली तर तिचे उत्तर त्याच क्षणी मिळते. मोटारीत स्प्रिंगा, गाद्या आणि बंद काचा मिळून ती चूक बराच वेळ झाकून ठेवतात. कार्ट काहीच झाकत नाही. उतरला तेव्हा त्याच्या मनगटांना कळ लागली होती आणि बरगड्या दुखत होत्या. हातात प्रत्येक फेरीच्या वेळेचा छापील कागद आला. मग अण्णा बसले. चोपन्न वर्षांचे, धोतराऐवजी त्या दिवशी मुद्दाम घातलेली जुनी पँट, डोक्यावर भाड्याचे हेल्मेट. ते सावकाश गेले, वळणाच्या पुष्कळ आधी ब्रेक दाबला, हळूच वळले, सरळ झाल्यावरच पुन्हा पाय दाबला. त्यांचा कागद आला तेव्हा बाप लेकापेक्षा फेरीमागे जेमतेम दीड सेकंद मागे होता आणि एकदाही फिरला नव्हता. मुलाने दोन्ही कागद शेजारी धरून बराच वेळ पाहिले.

तेथील शिकवणाऱ्या तरुणाने तीनच शब्दांचा क्रम सांगितला : आधी ब्रेक, मग स्टिअरिंग, मग ॲक्सिलरेटर. त्यामागचे कारण त्याने सांगितले ते अण्णांना ताबडतोब पटले, कारण ते वहीच्या भाषेतले होते. टायरची जमिनीवरील पकड म्हणजे मोजकी शिल्लक. ती थांबण्यासाठी खर्च करा, वळण्यासाठी करा किंवा वेग घेण्यासाठी करा. एकाच वेळी दोन्हीकडे पुरी खर्च करता येत नाही. ब्रेकवर सगळी उधळली तर वळायला काही उरत नाही. पावसात ती शिल्लक मुळातच कमी होते, आणि टायर झिजलेले असले तर आणखी कमी. “म्हणजे उधारी चालत नाही,” अण्णा म्हणाले. तरुण हसला. मुलगा हसला नाही.

त्या हिवाळ्यात ते सहा वेळा गेले. ‘वेग’ खात्यावर सहा नोंदी पडल्या. ट्रॅकवर गाडी चालवायची तर लाखोंची गाडी, लाखोंचा पोशाख आणि श्रीमंत बाप लागतो, हा समज या सहा नोंदींनी मोडून निघाला. स्पर्धेच्या वाटेला लागले की तो खर्च खरोखरच येतो. राष्ट्रीय संघटनेचा परवाना, आगीला टिकणारा पोशाख, सुट्या भागांचा खड्डा. पण चव घेणाऱ्याला त्यातले काही लागत नाही. पुण्याच्या मावसभावाने अभ्यासाच्या टेबलाला स्टिअरिंग बसवून संगणकावर ट्रॅक चालवण्याची सोय केली होती. सुट्टीत मुलगा तेथे राहिला आणि बुद्ध इंटरनॅशनल सर्किटच्या फेऱ्या मारून आला. पेट्रोल नाही, टायर नाही. वळणांचा क्रम डोक्यात बसायला ही युक्ती उत्तम. बुडाखालून गाडी सुटते आहे हे मात्र त्या खुर्चीत कळत नाही, आणि भीतीही वाटत नाही. भीतीशिवाय शिकलेला ब्रेक फार दिवस टिकत नाही.

अजिबात खर्च न करता ट्रॅकच्या अगदी काठावर उभे राहण्याचा एक मार्ग आहे, आणि तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. शर्यतींच्या वेळी वळणावळणांवर झेंडे घेऊन उभे राहणारे मार्शल पुष्कळदा स्वयंसेवक असतात. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबसारख्या जुन्या संस्थांचे काम अशाच हौशी माणसांच्या बळावर चालते. झेंड्यांची भाषा आणि अपघातस्थळी कसे वागायचे हे शिकवले जाते, आणि दिवसभर एकाच वळणावर उभे राहून शंभर जण तेच वळण कसे घेतात हे पाहता येते. मुलाच्या वर्गातला एक जण तसा जाऊन आला. तो गाडी चालवण्याबद्दल फार बोलत नाही, पण त्याच्या शेजारी बसणाऱ्यांना झोप लागते. याखेरीज मोकळ्या मैदानावर शंकू मांडून, घड्याळ लावून, एका वेळी एकच गाडी सोडण्याचे ‘ऑटोक्रॉस’ही असते. तेथे वेग कमी, धडकायला काही नाही, शंकू पडला तर फक्त सेकंद वाढतात. नवख्याने ते चुकवू नये.

जूनमध्ये, चातुर्मास लागण्यापूर्वी, कोईमतूरचा बेत ठरला. मुलाला मद्रासचा किंवा दिल्लीजवळचा मोठा ट्रॅक हवा होता. मद्रासचा पावणेचार किलोमीटरांच्या घरात, बुद्ध सर्किट पाच किलोमीटरांहून लांब, २०११ ते २०१३ अशी तीन वर्षे फॉर्म्युला वन पाहिलेले. कारीचा फेरा त्या मानाने आखूड, दोन किलोमीटरांहून थोडा अधिक. अण्णांनी आखूडच निवडला. लांब सरळ रस्ता साध्या गाडीचे ब्रेक तापवतो, टायर खातो आणि शिकवतो कमी, हा त्यांचा हिशेब बरोबरच होता. आखूड ट्रॅकवर तेच वळण तासाभरात कितीदा तरी भेटते.

तयारीचा खर्च गाडीच्याच दुरुस्तीचा. गावातल्या मेकॅनिककडून ब्रेक ऑईल बदलून घेतले. जुने ऑईल हवेतले पाणी शोषून घेते, ब्रेक तापले की ते उकळते आणि पेडल रिकाम्या पोत्यासारखे खाली बसते. ब्रेक पॅड नवे टाकले. स्टेपनी, जॅक, पायपुसणी, पाण्याच्या बाटल्या, सुटे म्हणून जे जे होते ते ट्रॅकवर काढून ठेवायचे होते. मग अण्णांनी विम्याचा कागद काढून भिंग लावून वाचला. संघटित शर्यत, वेगाची चाचणी अशा वापरात झालेले नुकसान विमा कंपनी देत नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले होते. हा कागद प्रत्येकाच्या गाडीत असतो, पण वाचतो कोण? त्यांनी ‘वेग’ खात्यात आणखी एक आकडा लिहिला आणि त्याभोवती चौकट काढली : गाडी आदळलीच तर आपल्या खिशातून. तो आकडा पेलणार नाही असे वाटले असते तर ते गेले नसते, आणि कोणीही जाऊ नये.

साडेनऊशे किलोमीटरांचा प्रवास, बहुतेक अण्णांनीच गाडी चालवली. ट्रॅकवर सकाळी सर्वांना उभे करून नियम सांगितले गेले. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, हळू व्हा, कोणाला ओलांडू नका. लाल म्हणजे फेरी थांबवून सावकाश आत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येते आहे. ओलांडायचे ते फक्त सरळ रस्त्यावर आणि पुढच्याने हात दाखवल्यावरच. पहिली फेरी टायर तापवायची, शेवटची ब्रेक निववायची. आत येऊन थांबल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी गिअरमध्ये ठेवायची. जबाबदारी आपली असल्याच्या कागदावर सही करताना अण्णांचे पेन क्षणभर थांबले. मुलाने ते पाहिले.

वीस-वीस मिनिटांच्या फेऱ्या होत्या. महागड्या गाड्या होत्या, पण त्यांच्याइतक्याच साध्या हॅचबॅकही होत्या. एका जुन्या मारुती एस्टीममधून आईच्या वयाची एक बाई मुलाला दोनदा ओलांडून गेली, दोन्ही वेळा अगदी शांतपणे हात दाखवून. दुपारपर्यंत त्याचे हात स्टिअरिंगवर सैल झाले होते. आणि मग पालघाटच्या खिंडीतून येणाऱ्या वाऱ्यासोबत बारीक पाऊस आला.

काहींनी गाड्या उभ्या केल्या. शिकवणारा मुलाला म्हणाला, “खरी शिकवणी आता आहे.” पहिल्या दोन फेऱ्या नीट गेल्या. तिसऱ्या फेरीत उजव्या वळणात गाडी थोडी जास्त वेगाने शिरली, मुलगा दचकला आणि त्याने ॲक्सिलरेटरवरचा पाय एकदम उचलून ब्रेकवर ठेवला. वजन पुढे झुकले, मागची चाके हलकी झाली, आणि गाडीने स्वतःभोवती एक पुरी गिरकी घेतली. कट्ट्यावर उभ्या असलेल्या अण्णांना ते दिसले. “क्लच, ब्रेक, दोन्ही दाबून धर,” असे शिकवणारा ओरडत होता. गाडी गवतात जाऊन थांबली. मागे ट्रक नव्हती. पलीकडच्या मार्शलने पिवळा झेंडा काढला, एवढेच घडले.

आत आल्यावर मुलगा बराच वेळ गाडीतून उतरला नाही. अण्णा खिडकीशी गेले.

“अण्णा, तवंदीत हेच झालं होतं,” तो म्हणाला. “एकशे दहावर होतो. वळणात घाबरलो आणि ब्रेक मारला. कुत्रं नव्हतं.”

अण्णांनी त्याच्या हातातून हेल्मेट घेतले. “घाम पूस,” ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, “आज्जीला तू सांगायचंस. मी नाही सांगणार.”

शिकवणाऱ्याने त्याला आणखी दोन वेळा बाहेर पाठवले, त्याच वळणावर, त्याच पावसात. एकदा मागची बाजू पुन्हा सुटू लागली. या वेळी त्याने पाय झटकला नाही, नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवली आणि स्टिअरिंग हळूच उलटे सोडले. गाडी सरळ झाली. ते कोणाच्या लक्षातही आले नाही.

परतीच्या वाटेवर संकेश्वरच्या पुढे त्यांना पाऊस लागला. मुलगा चालवत होता. तवंदीच्या उतारावर त्याने वळणाच्या पुष्कळ आधी वेग कमी केला, मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला तरी वाढवला नाही. शेजारी बसलेल्या अण्णांचा उजवा पाय सवयीने पुढच्या पत्र्यावर दाबला गेला होता. निपाणीचे दिवे दिसल्यावर त्यांनी तो मागे घेतला.

घरी आल्यावर बेरीज झाली. कार्टिंग, ट्रॅकचे शुल्क, ब्रेक, प्रवास, मुक्काम मिळून वर्षाचा ‘वेग’ खात्याचा आकडा जुलैतल्या त्या रात्रीनंतर गॅरेजने दिलेल्या बिलापेक्षा कमी भरला. चौकटीतली रक्कम अण्णांनी खोडली. दिवाणजींनी दोन्ही आकडे ताडून पाहिले आणि काही न बोलता पान उलटले.

त्या रात्री मुलगा आज्जींच्या खाटेशी जाऊन बसला. किती वेळ बसला ते आत कोणी मोजले नाही. सगळे ऐकून झाल्यावर आज्जी बराच वेळ जपमाळ हातात तशीच धरून राहिल्या. वर्षभर त्यांनी ती गोष्ट शेजारपाजारी, पाहुण्यारावळ्यांत, मंदिराच्या ओट्यावर सांगितली होती.

“मग भाकरी बंद करायची का, आज्जी?” त्याने विचारले.

“का म्हणून?” आज्जी म्हणाल्या. “कुत्र्याचा काय दोष त्यात? उद्यापासून ती तू घालायचीस. सकाळी, कॉलेजला जायच्या आधी.”